दारापर्यंतचं कुटुंब

पहिला दिवस, सोमवार. लंडन

हीथ्रोला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि हॉटेलची खोली दुपारी दोनच्या आधी मिळणार नव्हती. बॅग काउंटरवर टाकली आणि झोप उडवायला चालत सुटलो. नॉटिंगहॅमला भाचीकडे शुक्रवारी पोचायचं होतं, मधले दिवस माझे. ते कशात घालवायचे हे घरूनच ठरवून निघालो होतो. त्यावरून चेष्टाही भरपूर झाली होती. "लोक लंडनला राजवाडा बघायला जातात, तुम्ही भिकाऱ्यांची चित्रं बघायला चाललात," इति सौभाग्यवती.

खोड जुनी आहे. सोलापूरला वडिलांचा छापखाना होता. ट्रेडल मशीन, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, अडत्यांची बिलं. कोपऱ्यात एका खोक्यात जुने लाकडी ठसे पडलेले असत: गणपती, कलश, बैलजोडी, कसल्याशा तेलाच्या जाहिरातीतली लांब केसांची बाई. शाळेतून आलो की त्यांच्यावरून बोट फिरवायचं आणि शाई लागली म्हणून आईची बोलणी खायची. पुढे चित्रकलेचा मास्तर झालो, छापखाना विकला, पण लाकडात कोरलेलं चित्र दिसलं की पाय अजून थबकतो. काही वर्षांपूर्वी असंच एक चित्र समोर आलं. रात्र, भिंत, भिंतीला टेकून रांगेत उभी असलेली माणसं, त्यात एक अख्खं कुटुंब. त्या रांगेचं पुढे काय झालं, हे शोधता शोधता इथवर आलो.

क्लीव्हलँड स्ट्रीटवर काळपट विटांची एक साधी इमारत आहे, शेजारच्या चकचकीत फ्लॅटांपुढे अंग चोरून उभी असल्यासारखी. १७७० च्या दशकात ती गरीबघर म्हणून बांधली. नंतर स्ट्रँड युनियनचं, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या संघाचं, वर्कहाउस झाली (निराधारांना कामाला लावून ठेवायची जागा) आणि त्यानंतर बराच काळ रुग्णालय. ती पाडायची चर्चा चालू असताना उजेडात आलं की, याच रस्त्यावर काही घरं सोडून चार्ल्स डिकन्स लहानपणी आणि पुन्हा तरुणपणी राहिला होता. मग २०११ साली तिला संरक्षण मिळालं. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला वाडगा पुढे करून आणखी मागणारा तो पोरगा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. जॉर्ज क्रूकशँकचं १८३७ चं ते चित्र लाकडात कोरलेलं नाही, धातूच्या पत्र्यावर तेजाबाने खोदलेलं आहे. आणि त्यात आई नाही, बाप नाही. अनाथ म्हटल्यावर ते कोणाला खटकत नाही. पण तेव्हाच्या वर्कहाउसमध्ये ज्यांचे आईबाप जिवंत होते, त्याच छपराखाली होते, तीही मुलं चित्रात काढली तर अशीच एकटी दिसली असती.

कारण १८३४ चा नवा गरीब-कायदा, त्यांचा न्यू पुअर लॉ. त्याआधी गरजूला घरबसल्या थोडा पाव, थोडे पैसे मिळत. नव्या कायद्याला ते बंद करायचं होतं. मदत हवी? मग वर्कहाउसमध्ये या. आणि आतलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही नकोसं असलं पाहिजे, म्हणजे खरोखर अडलेलाच येईल. आता नकोसं करायचं म्हणजे काय करायचं? उपाशी ठेवलं तर बोभाटा होतो. मारलं तर त्याहून होतो. भिंत बांधून नवऱ्याला एकीकडे, बायकोला दुसरीकडे आणि पोरांना तिसरीकडे ठेवलं, की फारसा खर्च न होता काम भागतं. घरपोच मदत प्रत्यक्षात कधीच पूर्ण बंद झाली नाही, ती घेणारेच कायम जास्त होते. पण धाक या इमारतींचा होता.

दोन वाजता खोली मिळाली. पाचला जाग आली, तोवर अंधार पडायला लागला होता.

दुसरा दिवस, मंगळवार. लंडन

सगळा दिवस एका दुकानात गेला. जुने नकाशे, जुनी चित्रं, फुलापाखरांचे छाप विकणारं दुकान. तळघरात लाकडी खोके लावलेले, प्रत्येक खोक्यात विषयवार पानं: घोडे, जहाजं, स्कॉटलंड, फॅशन. एका खोक्यावर नुसतं 'समाज' लिहिलेलं. दुकानदार पासष्टीचा, मितभाषी, हातमोजे घातलेला. तो जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड घेतो, शिवण उसवतो आणि पानं सुटी विकतो. छापखान्यात वाढलेल्या माणसाला हे बघवत नाही. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, व्हॅन गॉगही हेच करायचा. त्यात तथ्य आहे. व्हॅन गॉगने १८८३ साली 'द ग्राफिक'चे एकवीस खंड विकत घेतले, आणि आवडती पानं तो कापून पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवायचा. मी गप्प बसलो.

'द ग्राफिक' हे साप्ताहिक ४ डिसेंबर १८६९ रोजी सुरू झालं. संस्थापक विल्यम लूसन थॉमस स्वतः ठसे कोरणारा कारागीर, त्यामुळे चित्राला तिथे मान होता. मी शोधत होतो ते ७ एप्रिल १८७७ च्या अंकातलं, ह्यूबर्ट हेर्कोमरने काढलेलं दोन पानी चित्र. विषय लंडनच्या वेस्टमिन्स्टर युनियनचं वर्कहाउस, तिथल्या म्हाताऱ्या. ते खोक्यात होतं. अंकात घालताना मधोमध घडी पडलेलं, कडा पिवळ्या, एका कोपऱ्यावर ओलीचा डाग. पस्तीस पौंड म्हणाला, अठ्ठावीसला दिलं. हिशेब रुपयांत करायचा नाही असं विमानातच ठरवलं होतं.

त्याने भिंग दिलं, उजेडाचं टेबल दिलं, आणि मी तासभर त्या पानावर वाकून बसलो. लांबच लांब खोली, जमीन तिरपी होत मागे गेलेली. पुढच्या टेबलाशी म्हाताऱ्या शिवणकाम घेऊन बसल्यात. एक सुई डोळ्यांपुढे धरून दोरा ओवायचा प्रयत्न करतेय. मागे, बऱ्याच लांब, दोघी एकमेकींच्या आधाराने चालतायत. टोप्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. आणि भिंगातून एक गोष्ट दिसली, जी नुसत्या डोळ्याला कधी दिसली नव्हती. टेबलाशी बसलेल्या दोघींच्या मधून एक केसाएवढी पांढरी रेघ सरळ वरपासून खालपर्यंत गेलेली.

ती चूक नाही, तो सांधा आहे. असे ठसे बॉक्सवुडच्या लाकडावर कोरत. फळीवर नाही, खोड आडवं कापून निघालेल्या चकतीच्या तोंडावर, कारण तिथे रेषा भरीव उतरते आणि टाकाला लाकडाचे तंतू आडवे येत नाहीत. पण बॉक्सवुडचं झाड बारीक चणीचं. मोठ्या चित्राला पुरेल एवढी चकती त्यातून निघतच नाही. म्हणून लहान लहान चौकोनी ठोकळे मागून बोल्टने आवळून एक पाट करायचा, त्यावर चित्र उतरवायचं, आणि घाई असेल तेव्हा (साप्ताहिकाला घाई नेहमीचीच) बोल्ट सोडून एकेक ठोकळा एकेका कारागिराला द्यायचा. रात्रभर कोणी टोप्या कोरतोय, कोणी जमीन, कोणी खिडकी. चेहरे सर्वांत तरबेज हाताकडे. सकाळी ठोकळे पुन्हा आवळायचे आणि उस्तादाने सांध्यावरच्या रेषा जुळवून घ्यायच्या. कुठे जुळल्या नाहीत, की छापात पांढरी रेघ राहते. आमच्याकडेही मोठ्या जाहिरातीचे दोन तुकडे जुळवताना वडील अशीच रेघ लपवायला धडपडायचे, आणि गिऱ्हाईक नेमकं तिच्यावरच बोट ठेवायचं.

रेघ बघता बघता चित्रात काय नाही ते लक्षात आलं. पुरुष नाही. पोर नाही. यांतल्या किती जणींचे नवरे त्याच इमारतीत पलीकडे बसले असतील? चित्र ते सांगत नाही, सांगूही शकत नाही, कारण चित्रकार ज्या खोलीत उभा होता ती बायकांची खोली होती. वाचकाला वाटतं, वृद्धत्वाचं चित्र आहे. आहेच. पण वर्कहाउसने माणसं वेगळी केली, ती मुख्यतः चित्रातून गाळून केली.

तोडतानाचा क्षण कोणी काढलाच नाही का? एक चित्र याच खोक्यात सापडलं, 'पंच' या विनोदी साप्ताहिकातलं, १८४३ चं. बेथनल ग्रीनच्या वर्कहाउसमध्ये पाच आठवड्यांचं मूल आईपासून वेगळं ठेवल्याची बातमी तेव्हा गाजली होती, त्यावर केनी मेडोजने काढलेलं. आई हात पसरतेय, वर्कहाउसची बाई मूल घेऊन चाललीय. पण तेवढ्याने त्याचं भागलं नाही. शेजारी हसणारा सैतान काढला, मागे रडणारी देवदूत काढली. मला ते चित्र पसंत नाही. सैतान आणला की कारकून सुटतो. तिथे शिंगंवाला कोणी नव्हता. एक नियमावली होती आणि ती पाळून पगार घेणारी माणसं होती.

निघता निघता दुकानदाराने १८७७ चा पुढचा खंड दाखवला, जुलै ते डिसेंबर, अजून न फोडलेला. मी पानं उलटली आणि ऑक्टोबरात थांबलो. बळ्ळारी! आमच्या सोलापूरहून खाली दक्षिणेला. माणसं हाडांची, गुरंही हाडांची. तोच कागद, तीच शाई, तसेच ठोकळे, फक्त सहा महिन्यांनंतरचा अंक. त्या दुष्काळात सरकारने धाडलेल्या रिचर्ड टेंपल साहेबाने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणलं. कामं मुद्दाम गावापासून लांब, छावणीत राहावं लागेल अशी काढायची, म्हणजे खरोखर अडलेलाच येईल. वाक्य ओळखीचं वाटलं ना? मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी १८७७ च्या सुरुवातीला ते नाकारलं आणि कामं सोडून घरी गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे लिहून मांडली. वर्कहाउसची विटांची भिंत आमच्याकडे बांधली नाही. तिचं काम मैलांनी केलं.

तो खंड फोडू नका, एवढं मात्र मी त्याला सांगून आलो. तो हसला. फोडेल.

तिसरा दिवस, बुधवार. एगम

वॉटर्लूहून गाडीने पाऊण तास, मग चढ. रॉयल हॉलोवे कॉलेजची मूळ इमारत बघून हसूच आलं. फ्रान्समधल्या शाम्बोरच्या राजवाड्यासारखी लाल विटांची, मनोऱ्यांची ही गर्दी, आणि हा सगळा पैसा गोळ्या आणि मलमाचा. टॉमस हॉलोवेने कुठल्याही दुखण्यावर चालणाऱ्या गोळ्या जाहिरातींच्या जोरावर जगभर खपवल्या, मुलींसाठी हे कॉलेज काढलं आणि भिंतींवर लावायला लिलावात चित्रं घेतली. चित्रदालन ठरावीक वेळीच उघडतं. मी आधी विचारून गेलो होतो, तरी अर्धा तास बाहेर थांबलो. पाऊस होताच.

आत ल्यूक फिल्ड्सचं मोठं तैलचित्र आहे, रुंदी आठ फूट. हेच ते माझं रांगेचं चित्र, रंगात. मूळ लाकडी ठसा 'द ग्राफिक'च्या अगदी पहिल्या अंकात आला होता. तो पाहून चित्रकार मिलेने फिल्ड्सचं नाव डिकन्सला सुचवलं, आणि डिकन्सच्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीची चित्रं फिल्ड्सला मिळाली. तैलचित्र १८७४ चं. रॉयल अकादमीत त्याच्यापुढे एवढी गर्दी लोटली की कठडा लावून पोलीस उभा करावा लागला. चित्रातही एक पोलीस आहेच.

ही रांग एका रात्रीच्या निवाऱ्याची आहे. त्यासाठी आधी पोलीसचौकीवर चिठ्ठी घ्यायची आणि ती घेऊन वर्कहाउसच्या कॅज्युअल वॉर्डात जायचं. सकाळी काम करून द्यायचं, खडी फोडायची नाहीतर डांबरट जुन्या दोरखंडांचे धागे उसवायचे, आणि मग सुटका. रांगेत एक बाप आहे, पोर त्याच्या खांद्यावर झोपलेलं, उघडे पाय लोंबतायत. बायको शेजारी. भिंतीवर बक्षिसांच्या जाहिराती चिकटवल्यात, त्यात हरवलेल्या पग कुत्र्याचं बक्षीस टाकून दिलेल्या मुलाच्या बक्षिसापेक्षा मोठं. हा शेरा फिल्ड्सने जरा ओरडून मारलाय, पण चालेल.

मी त्या पायांकडे बघत बसलो. चिठ्ठी मिळाली की ही माणसं दारापर्यंत जातील, आणि दारात बाप एकीकडे, आई आणि पोर दुसरीकडे. म्हणजे हे कुटुंब आपल्याला पुरं दिसतंय ते केवळ रांग अजून सरकली नाही म्हणून. वर्कहाउसच्या चित्रांत अख्खं कुटुंब बघायचं असेल तर दाराबाहेरच बघावं लागतं.

त्याच दालनात एडविन लाँगचं बॅबिलोनच्या वधूबाजाराचं चित्र आहे. विकायला काढलेल्या मुली ओळीने बसलेल्या. मुलींच्या कॉलेजात ते कोणत्या विचाराने लावलं असेल, देव जाणे.

चौथा दिवस, गुरुवार. लंडन

फाउंडलिंग म्युझियम. टाकलेल्या मुलांसाठी टॉमस कोरमने १७३९ साली सनद मिळवून काढलेल्या संस्थेची ही आठवण. वर्कहाउसच्या कायद्याच्या शंभर वर्षं आधीची, पण माझ्याकडे इथल्या भरतीच्या देखाव्याच्या १७४९ च्या छापाची प्रत होती म्हणून गेलो. जागा थोड्या, आया फार. म्हणून पिशवीतून चेंडू काढायचा: पांढरा निघाला तर मूल आत, काळा निघाला तर मूल घेऊन परत, लाल निघाला तर थांबायचं. छापात हे सगळं थोरामोठ्यांच्या बायका कडेला उभ्या राहून बघतायत, नाटक बघावं तशा.

खाली कपाटात खुणा ठेवल्यात. मूल कधी परत न्यायला आलोच तर ओळख पटावी म्हणून आयांनी सोडलेल्या: अर्धं नाणं, हेझलनटचं कवच, कापडाचा तुकडा. तिथे फार वेळ थांबलो नाही.

पाचवा दिवस, शुक्रवार. नॉटिंगहॅमकडे

गाडी रद्द. पुढची उशिरा. त्या पुढच्या गाडीत दोन गाड्यांची माणसं. चित्राची पुठ्ठ्याची नळी छातीशी धरून दाराशी उभा राहिलो, पार लेस्टरपर्यंत. भाची स्टेशनवर आली होती. "मामा, बंदूक आणलीस की काय?" घरी गेल्यावर पिठलं-भात. पाच दिवसांनी पोट शांत झालं.

सहावा दिवस, शनिवार. साउथवेल

ज्यासाठी आलो तो दिवस. भाचीने गाडी काढली. साउथवेल हे लहानसं देखणं गाव. जुनं मिन्स्टर, म्हणजे मोठं चर्च, त्यात दगडात कोरलेली पानं अशी की हात लावला तर हलतील. ब्रॅम्ली सफरचंदाचं पहिलं झाड याच गावात १८०९ साली बी पेरून लावलं. आणि गावाबाहेर, अप्टनच्या रस्त्यावर, वर्कहाउस.

लांबून ते एखाद्या जमीनदाराच्या वाड्यासारखं दिसतं. लाल विटा, तीन मजले, दोन्ही बाजू काटेकोर सारख्या. बांधलं १८२४ साली, म्हणजे कायद्याच्या दहा वर्षं आधी. रेव्हरंड जॉन बेचर नावाच्या पाद्रीबुवांची ही कल्पना. एकोणपन्नास परगण्यांनी एकत्र येऊन खर्च उचलला, जागा १५८ जणांची. जॉर्ज निकोल्स हाही याच गावात गरिबांच्या मदतीचा कारभार बघत होता. तो पुढे नव्या कायद्याच्या तीन आयुक्तांपैकी एक झाला. त्यामुळे साउथवेलचा नमुना देशभर गेला. आज ही इमारत जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे, २००२ पासून लोकांना खुली.

आत शिरताना भाची उत्साहात होती, दहा मिनिटांत गप्प झाली. खोल्या बहुतेक रिकाम्या ठेवल्यात, नुसता चुना लावलेल्या भिंती. तेच बरं केलंय. पुतळे बसवले असते तर जत्रा झाली असती. माणसांची प्रतवारी कशी होती ते इमारतच सांगते. पुरुष, बायका, मुलं. त्यात पुन्हा म्हातारे-आजारी वेगळे आणि अंगाने धडधाकट वेगळे, त्यांना 'आळशी' म्हणायचे. प्रत्येक गटाची खोली वेगळी, जिना वेगळा, अंगण वेगळं. जिन्यात समोरासमोर येण्याचीही सोय नाही. मधोमध मास्तरची, म्हणजे वर्कहाउस चालवणाऱ्याची, जागा. त्याच्या खिडक्यांतून अंगणं दिसतात, पण अंगणातल्याला दुसरं अंगण दिसत नाही.

आम्ही एक गंमत केली. गंमत कसली म्हणा. भाचीला म्हटलं, तू पलीकडच्या अंगणात जा. ती गेली. मी माझ्या बाजूला भिंतीशी उभा राहिलो. उंच भिंत, वर आभाळाचा चौकोन. दोन मिनिटांनी पलीकडून तिच्या किल्ल्यांचा आवाज आला. अगदी हाताच्या अंतरावर. मग तिचं खोकणं. "मामा, ऐकू येतंय का रे?" येत होतं, स्पष्ट. फक्त तिचं काही दिसत नव्हतं. म्हणजे पलीकडचा खोकला आपल्या नवऱ्याचा आहे हे ओळखू येईल इतपत, त्यापुढे नाही. कोणत्याही चित्रात हे काढता येणार नाही, हे तिथे उभा असताना कळलं.

स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका निवृत्त बाईंशी बराच वेळ बोललो. आत येताना अंगावरचे कपडे काढून घेत, आंघोळ घालत, वर्कहाउसचे कपडे देत. स्वतःचे कपडे गाठोडं बांधून ठेवत, कारण कोणी कैदी नव्हतं. कधीही निघून जाता येई, तीन तास आधी सांगायचं. अट एकच: कुटुंबवाल्याने जायचं तर कुटुंब बरोबर घेऊन जायचं, बायकापोरं मागे ठेवून नाही. या अटीतून लोकांनी वाट काढली. पोरांना भेटायचं असेल तर सगळ्यांनी नाव कापून बाहेर पडायचं, दिवसभर एकत्र राहायचं आणि संध्याकाळी पुन्हा दार वाजवायचं. पुन्हा कपडे, पुन्हा आंघोळ, पुन्हा नोंद. कारभारी वैतागत. आईबापांना मुलांची भेट द्यावी असं नियमांत होतं, पण ती किती आणि कशी, ते मास्तरवर. साठीच्या पुढच्या नवराबायकोला सक्तीने वेगळं ठेवू नये असं १८४७ साली कायद्यात आलं. त्याच्या आधी अँडोव्हरच्या वर्कहाउसचं प्रकरण होऊन गेलं होतं. तिथे खतासाठी हाडं कुटायला दिलेली माणसं त्या हाडांवर राहिलेलं मांस खात होती, असं १८४५ साली बाहेर आलं. कायदा सुधारला, तरी जोडप्यांच्या खोल्या फार थोड्या ठिकाणी झाल्या.

मोबाइलवर मी प्यूजिनचं १८४१ चं जोडचित्र घेऊन गेलो होतो. हा इमारतींचा मोठा जाणकार. वर त्याने नवं गरीबघर काढलंय, अष्टकोनी, तुरुंगासारखं. भोवती छोटी चौकटचित्रं: कोठडीत बसलेला गरीब, चाबूक घेतलेला मास्तर, पातळ खाणं, आणि शेवटी प्रेत, जे डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांकडे चिरफाडीला चाललंय. हे शेवटचं अतिरंजित नाही. वर्कहाउसमधलं बेवारस प्रेत तसं देण्याची सोय १८३२ च्या कायद्यानेच केली होती. खाली जोडीला जुन्या काळचं मठासारखं गरीबघर, तिथे सगळं प्रेमळ, भरल्या ताटाचं. प्यूजिनला मी अर्धाच मानतो. जुना काळ तेवढा गोड कधीच नव्हता. भाचीने ते चित्र समोरच्या इमारतीशी ताडून बघितलं आणि म्हणाली, "पण मामा, इथे चाबूक नव्हताच ना. मग ही जागा त्यापेक्षा वाईट आहे." मला उत्तर सुचलं नाही.

वरच्या मजल्यावर एक खोली मात्र सजवलेली आहे, १९७० च्या दशकातल्यासारखी. पलंग, शेगडी, मुलाचं सामान. तोवर बेघर आयांना पोरांसकट इथे तात्पुरतं ठेवत. आई आणि मूल एका खोलीत. त्या इमारतीला ते शिकायला दीडशे वर्षं लागली.

बाहेर भिंतीवर बसून डब्यातली थालीपिठं खाल्ली. भाचीने विचारलं, आपल्याकडे काय होतं रे? मी तिला बहात्तरचा दुष्काळ सांगितला. मी तेव्हा आठ वर्षांचा. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर बायका ओळीने खडी फोडत बसलेल्या, डोक्यावर पदर, हातात हातोडी, आणि शेजारी झोळीत पोर. नवरा पाटी उचलतोय. सुकडी वाटली की सगळी एकाच ताटलीतून खायची. हाल कुत्रं खाणार नाही असे. पण खडीच्या ढिगाशी घर एकत्र होतं. "म्हणजे आपलं बरं होतं?" तिने विचारलं. असं नाही म्हणत मी. पोरं त्या खडीच्या धुळीत मोठी होत होती. थालीपीठ संपलं, पावसाचे थेंब आले, आम्ही उठलो.

सातवा दिवस, रविवार

पाऊस. पोहे. दिवसभर घरीच. संध्याकाळी नळी उघडून भाचीला म्हाताऱ्या दाखवल्या. तिला पांढरी रेघ दिसली नाही, भिंग दिल्यावर दिसली.

आठवा दिवस, सोमवार. लंडन, केनिंग्टन

विमान रात्रीचं होतं. दुपारी केनिंग्टनला सिनेमा म्युझियम बघितलं, आधी नाव नोंदवून. जुने प्रोजेक्टर, तिकिटं, थिएटरातल्या दारवानांचे गणवेश. इमारत लँबेथ वर्कहाउसची. चार्ली चॅप्लिनची आई हॅना, तो आणि त्याचा भाऊ सिडनी १८९८ च्या जुलैत लँबेथच्या वर्कहाउसमध्ये आले. आठवड्याभरात दोघं पोरं नॉरवुडच्या शाळेत धाडली, आई मागे. चार्ली नऊ वर्षांचा.

१२ ऑगस्टला हॅनाने पोरांसकट नाव कापून घेतलं. स्वतःचे कपडे परत मिळाले, गाठोड्यात चुरगळलेले. तिघं केनिंग्टन पार्कात गेली. सिडनीकडे नऊ पेन्स होते, त्यातून चेरी घेतल्या. कागदाचा चेंडू करून खेळली. संध्याकाळी परत येऊन पुन्हा भरती झाली. कारभाऱ्यांना सगळे कागद नव्याने करावे लागले.

या दिवसाचं चित्र नाही. १८९८ पर्यंत लाकडी ठशांचा धंदाच बसत आला होता. साप्ताहिकांत फोटो थेट ब्लॉकवर उतरायला लागले होते, कोरणारे हात दुसऱ्या कामाला लागले होते. आणि तसेही, पार्कात चेरी खाणाऱ्या तिघांकडे वर्कहाउसचा विषय म्हणून कोणी बघितलं नसतं.

मी पार्कात गेलो. म्युझियमपासून चालत फार वेळ लागत नाही. शाळा सुटलेली, पोरं सायकली घेऊन आलेली, एक बाई कुत्र्यामागे धावतेय. चेरीचा मोसम नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानातून द्राक्षं घेतली, बाकावर बसून निम्मी खाल्ली आणि निघालो.

हीथ्रोला तपासणीच्या पट्ट्यावर नळी अडली. आत काय आहे, असं त्या मुलीने विचारलं. जुनं चित्र आहे म्हटलं, तर उघडायला लावलं. मी टेबलावर पान अर्धंच पसरलं. तिने शिवणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं, आणि पुन्हा गुंडाळायला स्वतः हात लावला.

"जपून न्या," ती म्हणाली. "मधे दुमडू देऊ नका."

"ते १८७७ सालीच दुमडलंय," म्हटलं, आणि नळीचं झाकण लावलं.